स्वतःशीच भांडणारा जांभुळखेडीकर

एका माणसाला भेटायला मी रत्नागिरीहून निघाले आणि पोचल्यावर तो माणूस म्हणजे अख्खं गावच निघालं. परतल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता पाहुणे आले की आमचे हेच माझ्या आधी ते म्हणून मोकळे होतात. म्हणून एकदाच नीट, पहिल्यापासून लिहून काढते.

'वेशीआत' नावाचं एक संकेतस्थळ आहे. त्याला मालक नाही, पगारी माणूस नाही. ज्याला वाटेल त्यानं आपल्या गावाविषयी तिथं लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं चुकीचं वाटलं तर दुरुस्त करावं, पटलं नाही तर खोडावं. पिकं, पाणवठे, देवळं, भाज्या, काय वाटेल ते. प्रत्येक पानाच्या मागे एक चर्चेचं पान असतं. 'तुम्ही माझं वाक्य का खोडलंत?' 'कारण ते चुकीचं होतं' ही वादावादी तिथं चालते. माझं औषधांचं दुकान आहे. दुपारच्या वेळी आमच्या रत्नागिरीत कोणी आजारी पडत नाही, त्यामुळे त्या वेळात मी या संकेतस्थळाची राखण करते. असे आम्ही चार-पाच राखणदार आहोत, एकमेकांना कधीही न भेटलेले. तिथं टोपणनाव घेतलं तरी चालतं. माझं नाव 'काजूबी'.

तर तिथं 'जांभुळखेडीकर' नावाचा एक सदस्य होता. मोताळा तालुक्यातल्या आपल्या गावावर तो झपाटल्यासारखा लिहायचा. कपाशीच्या वेचणीवर पान, बैलांच्या साजावर पान, भरिताच्या वांग्यांवर तर पानंच पानं. आणि सतत स्वतःशी भांडायचा! सकाळी लिहायचा, 'भरितात शेंगदाणे घालतात.' थोड्या वेळानं तेच वाक्य खोडायचा आणि चर्चेच्या पानावर स्वतःलाच विचारायचा, 'जन्मात भरीत खाल्लं काय बे तू?' मग स्वतःच उत्तर द्यायचा, 'तोंड सांभाळून बोल.' दुपारी येऊन स्वतःची समजूत घालायचा, 'जाऊ द्या, दोघंबी बरोबर आहा.' एकदा तर त्यानं स्वतःची माफी मागितली, मोठ्या मनानं स्वतःला माफ केलं आणि वर स्वतःला दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या.

मी या माणसाच्या प्रेमातच पडले होते. माझ्या डोळ्यांसमोर एक एकटा राहणारा, मफलर गुंडाळलेला गृहस्थ उभा राहायचा. बाकीचे राखणदार मात्र वैतागले. एका खात्यामागे एकच माणूस हवा, हा आमचा पहिला नियम. हे गृहस्थ एक आहेत की अनेक, की त्यांना उपचाराची गरज आहे, याचा छडा लागेपर्यंत राखणदारांनी खातं गोठवलं. खुलासा मागवला, तर उलट टपाली उत्तर आलं: 'काय चुकलं समजलं नाही. जेवायला या, मग बोलू.'

असं निमंत्रण मी सोडते होय! राखणदारांनीही ठरवलं की मी जावं, बघावं आणि काय तो निकाल लावावा. जांभुळखेडीकर नियमात बसला तर खातं सुरू, नाहीतर कायमचं बंद आणि गावाच्या पानांना कुलूप. मी पिशवीत फणसपोळी, काजू आणि कोकमाच्या आगळाची मोठी बाटली भरली नि गाडीत बसले.

मलकापूर

स्टेशनाबाहेर एक उंच तरुण माणूस 'काजूबी' लिहिलेला पुठ्ठा धरून उभा होता आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे कोणाला तरी शोधत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो अदबीनं बाजूला सरकला. मी पुन्हा समोर गेले.

"काजूबी मीच."

"अरे बाप्पा!" तो म्हणाला. "आमाले वाटलं, कोनी रिटायर साहेब असन. तुमी त ताई निघाल्या."

त्याचं नाव गजानन. गावात त्याची शेती आणि खतांचं दुकान. मी आनंदानं विचारलं, "म्हणजे जांभुळखेडीकर तुम्हीच?"

"हाव न."

तेवढ्यात शेजारच्या गाडीवर कचोऱ्या तळणारा माणूस झारा वर करून म्हणाला, "मीबी आहो न, ताई!"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसले, कचोरी खाल्ली, मिरचीनं नाकातोंडातून पाणी आलं, आणि आम्ही काळीपिवळीत बसलो. काळीपिवळी म्हणजे इकडची वडाप जीप. आमच्याकडे जीप भरली म्हणजे माणसं दाटीवाटीनं बसतात. इथं जीप भरल्यावर माणसं बसायला सुरुवात करतात. माझी पिशवी टपावर गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली पांढरीशुभ्र कपाशी आणि मधूनमधून तुरीचे पट्टे. मार्गशीर्षातली कोरडी थंड हवा. घामाशिवाय प्रवास करायची सवय नसल्यामुळे मला उगाच लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं.

गजाननानं माझी ओळख करून दिली तसा ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "ताई, ते शेंगदान्याचं म्या लिवलं होतं बरं काय!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "तूच होता काय बे तो!"

पुढचं सगळं एका दमात घडलं. मागचा माणूस उठून पुढे आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, टपावरची पिशवी पुढे आली, आगळाची बाटली फुटली आणि समोरच्या काचेवर लालभडक ओघळ सुरू झाले. समोरून येणारा मोटारसायकलवाला थांबून हात जोडत म्हणाला, "कोन गेलं बे?" आत मात्र कोणालाच फुरसत नव्हती. 'तोंड सांभाळून बोल'वाला आणि 'जन्मात भरीत खाल्लं काय'वाला एकमेकांची गचांडी धरून होते. दोघंही जांभुळखेडीकर. इतके दिवस आपण कोणाशी भांडतोय हे त्यांना आत्ता कळत होतं.

मी काच पुसता पुसता गजाननला विचारलं, "नक्की किती जण आहात तुम्ही?"

"ते काही मोजलं नाई, ताई," तो म्हणाला. "ज्याले लिवता येऊन राह्यलं, तो लिवते."

फळा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा फळा आहे. त्यावर खडूनं वरच्या आणि खालच्या आळीच्या नळाचे वार लिहिलेले होते. खाली पशुवैद्य कधी येणार ते. आणि त्याच्याही खाली, ठळक, चौकट आखून: खात्याचा पासवर्ड.

मी पायरीवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. राखणदार म्हणून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता, तोही आला, पण नंतर. मध्यंतरी आम्ही सर्वांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. तेव्हा यांनी तो इमानेइतबारे बदलला आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारला.

"गावाचं पान आहे न, ताई," गजानन समजावू लागला. "मंग खातंबी गावाचंच पाह्यजे. एकट्याच्या नावानं कसं काढाचं? लोकं म्हनतीन, हा लय शाना झाला."

"अहो, पण परका माणूस येऊन वाटेल ते लिहून जाईल की!"

"आतापावेतो त कोनी नाई केलं. एक जावई आले होते, त्यायनं हुरड्याचं पान सुधारून देलं. चांगलं केलं."

संध्याकाळी देवळासमोर मंडळी जमली. मी नियम सांगितला. ज्याचं त्याचं खातं, ज्याचं त्याचं नाव, टोपण का होईना, पण लिहिणारा वेगळा दिसला पाहिजे. एवढं केलं की उद्यापासून सगळं सुरू. मला वाटलं, टाळ्या पडतील. मंडळी आपापल्या चपलांकडे बघू लागली. आमच्याकडे चूक दाखवणं हा पाहुणचाराचाच भाग असतो. पाहुणा टेकायच्या आत त्याला सांगतात की तुमच्या शर्टाचं बटण चुकलंय आणि तुम्ही आलात तो रस्ताही चुकीचा. इथं तसं नसतं. इथं चुलत्याचं वाक्य खोडलं की पुढच्या लग्नात त्याचे परिणाम दिसतात. एका खात्याच्या पांघरुणाखाली सगळे बिनधास्त होते.

एकच माणूस खूश झाला. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कडक इस्त्री. गजाननचे वडील, भास्करराव. गावातले मोठे शेतकरी आणि 'वेशीआत'वर गावाच्या तलावाचं पान लिहिणारे.

"काढा न नावानं," ते मोठ्यानं म्हणाले. "चोरी आहे काय? माह्या तलावाचं वाक्य रोज कोन खोडून राह्यलं, तेबी समजन मले."

ते वाक्य मला पाठ होतं. पूर्वी एका दुष्काळात गावानं श्रमदान करून तलावातला गाळ काढला, भास्कररावांच्या पुढाकारानं. पानावर होतं, 'गावातल्या पुरुषांनी गाळ काढला.' रोज कोणीतरी ते 'बायका-पुरुषांनी' असं करायचं, रोज ते पुन्हा 'पुरुषांनी' व्हायचं. शेंगदाण्याच्या भांडणात शिव्या होत्या, पण हे भांडण एखाद्या परिसंवादासारखं चालायचं. 'आपले म्हणणे मननीय आहे, तथापि…' अशी सुरुवात. दुकानात कढत चहा घेऊन मी ते वाचत बसायचे, आणि दोन्ही बाजूंना मनातल्या मनात दाद द्यायचे.

गजाननच्या घरी

जेवायला भरीत होतं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात, त्या धुराचा वास भरितात उतरतो. वर कांद्याची पात, बाजूला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली. माशांशिवाय मी जेवू शकते, हा शोध मला त्या पाटावर लागला. माझ्या आवडीचा शेंगदाण्यांचा प्रश्न मी मुद्दामच विचारला नाही.

गजाननची आई शांताबाई वाढत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात पदर डोक्यावरून घेतलेली सून उभी होती, सुवर्णा. बुलढाण्याच्या कॉलेजातून शिकलेली. ती दाराच्या चौकटीला म्हणाली, "मामाजीले विचारा, भाकर वाढू काय?"

भास्करराव भिंतीवरच्या दिनदर्शिकेला म्हणाले, "पुरे म्हना."

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. आमच्या शेजारी सासरे आणि सून सकाळी बांगड्यांच्या भावावरून असे भांडतात की कोळीणच मध्ये पडते. म्हणून मला हे फार नवलाचं वाटलं. भिंतीशी आणि चौकटीशी बोलत त्यांचं जेवण अगदी व्यवस्थित पार पडलं.

जेवणानंतर मी मागच्या पडवीत सुवर्णाला तूर सोलू लागत होते. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "ताई, तलावाचं ते वाक्य मीच खोडतो."

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"लग्न होऊन आली तवापासून मामाजीच्या समोर एक शब्द नाई बोलली मी," ती म्हणाली. "आन तिथं रोज भांडतो आमी. ते बाहेर बंगईवर झोके घेत, मी अथी पडवीत. त्यायले काय माहीत नाई. किती गोड भांडते ते, ताई! 'आपले म्हणणे मननीय आहे' म्हनते. मले आतापावेतो कोनी मननीय नाई म्हनलं."

आणि ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मीही हसले. हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"खातं बंद झालं त मामाजी नुसती चिडचिड करून राह्यले. जेवनबी कमी झालं त्यायचं. पन आता तुमी ज्याच्या त्याच्या नावानं काढान, त माहं लिवनं संपलं. सून सासऱ्याचं खोडते म्हनल्यावर गावात तोंड दाखवाले जागा राह्यन काय?"

"टोपणनाव घे की! मी नाही का काजूबी?"

"सगळं गाव नाव सांगन. जो उरन तो कोन, ते लहान लेकरालेबी समजन." तिनं शेंग सोलली. "आन चोरून किती दिवस लिवाव, ताई? आत्याबाई, माह्या सासूबाई, स्वतः होत्या त्या तलावात. कापूस वेचता वेचता त्यायनंच सांगतलं मले. मंग तेवढं खरं नको काय लिवाले?"

मला आमच्या नियमाचा असा राग आला म्हणता! नियम चांगलाच होता, खोटेपणा होऊ नये म्हणून केलेला. आणि त्या गावातली सगळ्यात खरं बोलणारी बाई त्याच नियमानं गप्प होणार होती. मी बाकीच्या राखणदारांना फोन लावले. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, एका गावासाठी मोडता येणार नाही. मी सुवर्णाला तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं." एवढंच.

शेत

दुसऱ्या दिवशी भास्कररावांच्या शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. नवीन खाती काढायची म्हणजे कार्यच, आणि कार्य म्हटलं की रोडगे. कणकेच्या लाट्या एकावर एक ठेवून गोळा वळतात, शेणाच्या गोवऱ्या पेटवून त्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, ते गोळे भाजतात, मग फडक्यानं राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खातात. जो येतो तो काहीतरी करतो. कोणी वांगी चिरतो, कोणी आर सारखा करतो, कोणी नुसतेच सल्ले देतो. भाजीत मीठ तिघांनी टाकलं. चौथा टाकणार तेवढ्यात मी ओरडले.

खाती काढायला मात्र शेतात रेंज नव्हती. ती फक्त एकाच जागी होती, कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. मग काय, एकेक जण ट्रॉलीवर चढायचा, कापसात मांडीपर्यंत रुतायचा आणि फोन उंच धरून खातं काढायचा. मी शिकवायला म्हणून वर गेले आणि पहिल्याच पावलाला कमरेपर्यंत आत गेले. मला दोघांनी उपटून काढलं. केसांत, कानांत, चष्म्यावर कापूस! आमच्याकडे चिखलात रुतल्यावर माणूस शिव्या देतो. कापसात रुतल्यावर मात्र हसूच येतं, काही केल्या थांबत नाही.

खाली उभा राहून गजानन प्रत्येकाचं नाव पुकारत होता. जीपच्या ड्रायव्हरनं 'शेंगदाणे' असं नाव घेतलं. लगेच त्याच्या मागोमाग चढलेल्यानं 'बिनशेंगदाणे' घेतलं. दोघांच्या शर्टाच्या गुंड्या कालपासून तुटलेल्याच होत्या, पण आज ते एकमेकांना वर ओढून घेत होते. लोकांची भीती हळूहळू चेपत चालली.

मग भास्करराव चढले. धोतराचा सोगा खोचून, टोपी सारखी करून. त्यांनी खऱ्या नावानं खातं काढलं, एका बोटानं तलावाचं पान उघडलं आणि 'बायका-पुरुषांनी' खोडून 'पुरुषांनी' केलं. खाली बघून म्हणाले, "आता खोडा म्हना. पाहू द्या मले, कोन आहे त!"

बायकांच्या घोळक्यात सुवर्णा रोडगे वळत होती. तिनं हात पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि ती ट्रॉलीकडे चालू लागली. तिनं चाकावर पाय ठेवला, वर आली, कापसात रुतली आणि सासऱ्यांकडे पाठ करून उभी राहिली. तिला शिकवायची गरजच नव्हती. भराभरा बोटं चालली.

गजाननच्या फोनवर ट्रॉलीजवळ जेमतेम रेंज पोचत होती. त्यानं सवयीनं पुकारायला तोंड उघडलं आणि अर्ध्यात थांबला. मग घसा खाकरून वाचलं, "सुवर्णा यांनी बदल केला. 'बायका-पुरुषांनी'. खाली लिवलं, 'आपले म्हणणे मननीय आहे, परंतु अपुरे आहे.'"

भास्कररावांचा चेहरा लाल झाला. ते ट्रॉलीवरून उतरले आणि दूर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसले. सुवर्णा कापसात तशीच उभी राहिली, खाली मान घालून. आपण या घरात काय पेटवून दिलं, असं वाटून मला पळून जावंसं वाटत होतं. तरी मी धुऱ्यावर गेले.

भास्करराव कपाशीच्या बोंडाशी चाळा करत होते. "ताई, मले काय माहीत नाई काय?" ते म्हणाले. "बाया होत्या. पन जगभर जाईन न ते. भास्कररावानं घरच्या बाईले माती वाह्यले लावली, असं होईन. सोयरे काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "आणि सुवर्णा?"

त्यांनी बोंड तोडून हातात घेतलं. मग म्हणाले, "मले वाटे, बुलढान्याचा कोनी प्राध्यापक असन. रोज सकाळी उठलो का पह्यले तेच पाहो मी, आज काय लिवलं म्हून. खातं बंद झालं त करमेना. आन हे… घरातच होती हे!" शेवटच्या वाक्याला त्यांना हसू फुटलं आणि ते त्यांनी दाबलं.

ते उठले. परत ट्रॉलीवर चढले, मागोमाग मी. सून आणि सासरे त्या कापसात हातभर अंतरावर. भास्कररावांनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं. गजाननानं वाचलं, "'सूनबाई, संदर्भ द्यावा.'"

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला थेट उद्देशून काढलेलं हे पहिलं वाक्य. सुवर्णानं चमकून वर पाहिलं. आणि मग तिची बोटं जी धावली!

"'संदर्भ: सासूबाई,'" गजानन ओरडला.

आता अख्खं शेत माझ्याकडे वळलं. सासूबाई हा संदर्भ चालतो का? छापील पुस्तक चालतं, वर्तमानपत्र चालतं. सासूबाईंबद्दल आमच्या नियमांत एक अक्षर नव्हतं. पण पाहिलेली गोष्ट ज्याची त्यानं स्वतःच्या नावानं लिहिली तर ती 'आठवण' म्हणून पानावर राहते, एवढं मला माहीत होतं. मी तसं मोठ्यानं सांगितलं.

शांताबाई आराजवळ बसून रोडग्यांची राख झटकत होत्या. फडकं खाली ठेवून त्या उठल्या. "मंग काढा माहंबी खातं," म्हणाल्या.

तिघीचौघींनी मिळून त्यांना वर चढवलं. लिहिण्याची सवय नव्हती, म्हणून सुवर्णानं त्यांना फोनमधलं माइकचं चित्र दाबून दिलं. बोललं की अक्षरं उमटतात, हे सांगितलं. शांताबाईंनी फोन तोंडासमोर धरला आणि लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "तलावात मी होती! गजू पाठीले बांधला होता. गाळाचे घमेले वाह्यले मी, दिवस मावळेपावेतो!"

फोननं काय समजून घ्यायचं ते घेतलं. अक्षरं उमटली. खाली शांताबाईंचं नाव. पाठीवरचा गजू फोन हातात धरून खाली उभा होता, आणि त्याला पुकारणं काही जमेना.

भास्करराव पडद्याकडे बघत राहिले. त्या ओळीशेजारी खोडायचं चिन्ह होतं. त्यांचं बोट त्याच्या जवळ गेलं. मग ते बोट बाजूला सरकलं आणि एकेक अक्षर शोधत चालू लागलं. फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही. रोडगे एका बाजूनं करपले.

या वेळी वाचलं सुवर्णानं. मोठ्यानं, सगळ्या गावासमोर, सासऱ्यांच्या समोर उभं राहून: "'होती. तिचे घमेले मीच भरून देत होतो.'"

एकच गलका झाला. बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या, शेंगदाणे आणि बिनशेंगदाणे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी पुन्हा कमरेपर्यंत कापसात गेले होते आणि या वेळी बाहेर निघायची मला इच्छाच नव्हती. भास्कररावांनी टोपी काढून झटकली, उगाचच.

शांताबाईंचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. नवऱ्याचं वाक्य त्यांनी सुनेकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग मान हलवली, माइकचं चित्र स्वतःच शोधून दाबलं आणि फोनला सांगितलं, "अर्धेच भरून देत होते. मले जड होईन म्हून."